डिफरन्शियलमधली वाळू

ती तक्रार आठवली की मला आधी वास आठवतो, नासलेल्या हापूसचा. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एप्रिल महिना. सकाळची हजेरी घेऊन टेबलाशी बसतोय तोच गावातले एक बागायतदार, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, तावातावाने आत आले आणि सडलेल्या आंब्यांची पेटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "हा पुरावा."

त्यांची जुनी पिकअप चार दिवसांपूर्वी भरल्या पेट्यांसह घाटात बंद पडली होती. दुसरी गाडी मिळेपर्यंत अर्धा माल उन्हाने गेला. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तिथून चाकांना मिळते. आत दातेरी चक्रं आणि जाड तेल असतं. या गाडीच्या चक्रांचे दाते तुटले होते, आणि गॅरेजवाल्याने गोळा पुढून उघडला तेव्हा तेलात वाळू निघाली.

"वाळू चालत जात नाही हो साहेब," बागायतदार म्हणाले. "माझ्या जुन्या ड्रायव्हरनेच घातलीन. लिहून घ्या."

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. त्याच दुपारी बाजारातल्या पानवाल्याने आमच्या शिपायाच्या कानावर घातलं, की गेल्या भाद्रपदात गणपती विसर्जनाच्या दिवशी किनाऱ्यावर मालक आणि ड्रायव्हर यांचं सगळ्या गावासमोर वाजलं होतं. ड्रायव्हरने किल्ली मालकाच्या हातात दिली आणि तो तडक घरी निघून गेला. मालकाने त्याला कामावर परत घेतलं नाही. हेतू सापडला की पोलिसाला गुन्हेगारच सापडल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तिशीचा, काटक, खाली मान घालून बसणारा. गंमत अशी की त्याचे कागद आधीच माझ्या टेबलावर होते. सरकारी लाल गाडीवर चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्या सहीसाठी आला होता. गुन्हा दाखल झाला असता तर ती नोकरी गेली असती. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी तो फॉर्म त्याला दिसेल असा काचेच्या पेपरवेटखाली ठेवला. आता लिहितानाही त्याची लाज वाटते.

"वाळू घातलीस?"

"नाय साहेब. मी गाडीला हात लावलेला नाय."

"मग भांडण कशावरून झालं?"

मी दरडावलं, टेबलावर मूठ आपटली, बाहेरच्या अंमलदाराला ऐकू जाईल इतका ओरडलो. मी मूळचा घाटावरचा, तिथे माणूस खोटं बोलला तरी भरभरून बोलतो. हा नुसता पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याला बाकावर बसवून ठेवलं. गावातल्या आणखी चौघांना भांडणाचं कारण विचारलं. चौघेही "काय ते देवाच्या दिवशीचं, जाऊ दे साहेब" म्हणून उठले. सगळा गाव बघायला होता आणि सांगायला एकही नव्हता.

गुन्हा नोंदवण्याआधी गाडीचा पंचनामा करावा म्हणून गॅरेजवर गेलो. सोबत आमच्या मोटार विभागातला जुना हवालदार होता, हेदवीकडचा. आयुष्य सरकारी जीपच्या खाली गेलेलं. तो पिकअपखाली सरपटला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"साहेब, जरा खाली वाकता का?"

वाकलो. गोळ्याच्या मागच्या अंगाला तेल भरायचा बोल्ट होता. गंजून जागीच धरलेला. हवालदाराने पान्याला लांब पाईप लावून जोर केला, हातोडीने ठोकलं, तरी तो हलेना.

"आत वाळू टाकायची तर हा उघडायला हवा. हा कित्येक वर्षं कोणी उघडलेला नाही. आणि हे तेल बघा."

गॅरेजवाल्याने काढून ठेवलेल्या तेलाचा डबा त्याने पुढे केला. तेल काळं असायला हवं, ते दुधाच्या चहासारखं पांढुरकं झालं होतं. म्हणजे आत पाणी शिरलेलं. त्याने तळातली वाळू वर्तमानपत्रावर पसरून उन्हात धरली. बारीक वाळू, त्यात शिंपल्याचा चुरा, आणि सुकल्यावर कडेला मिठाची पांढरी रेघ.

"साहेब, गोळ्यावर हवा जायला एक छोटी नळी असते. हिचं टोपण केव्हाच गेलंय. चालून तापलेली गाडी गार पाण्यात उभी केली की गोळा नळीतून पाणी आत ओढतो. ही गाडी कधीतरी समुद्रात उभी होती, आणि तेव्हापासून वाळू दाते खात होती."

समुद्रात गाडी कोण घालतो, हे तोंडातून निघायच्या आतच मला विसर्जनाचा दिवस आठवला.

ठाण्यात परत आलो. ड्रायव्हरसमोर फॉर्म नाही, चहा ठेवला. हळूच विचारलं, "गणपतीच्या दिवशी गाडी पाण्यात कोणी घातली?"

त्याचे डोळे भरले. "मूर्ती मोठी होती. भाऊ म्हनाले, गाडी मागं घे, पाण्यात ने, तिथूनच देव उतरवू. मी म्हटला, खाऱ्या पाण्यात गाडी मरंल. भाऊ म्हनाले, देवाच्या कामाला नाय म्हनतोस? मग त्यांनीच चालवून घातलीनी. अर्धी चाकं पाण्यात. तासभर आरती झाली म्हनं."

"अरे, मग हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"देवाच्या कामात गाडी मोडली असा बोलायचा नसता, साहेब. आनि मी देवाला नाय म्हटला. म्हनून तर हा फेरा माज्या मागं लागला."

माझ्या दरडावण्याला तो घाबरलाच नव्हता. हा आळ म्हणजे देवाने दिलेली शिक्षा आहे असं समजून तो ती मुकाट भोगत होता. हातची नोकरी जाऊ द्यायलाही तयार होता.

बागायतदारांना बोलावलं, गंजलेला बोल्ट आणि वाळू त्यांना समजावून सांगितली. ते खुर्चीत खचले. "अहो, पण वर गणपती होता हो!"

हवालदार म्हणाला, "भाऊ, गणपतीला बुडायचंच होतं. गाडीला नव्हतं."

मला हसू आवरेना. बागायतदार हसले नाहीत. माणूस तापट, पण खोटा नव्हता. आंबे गेले, गाडी गेली, आणि कोणावर तरी राग काढायला हवा होता, एवढंच. त्यांनी अर्ज मागे घेतला आणि ड्रायव्हरसमोर जाऊन उभे राहिले. "चल देवळात," म्हणाले. "साहेब, तुम्हीही या."

ग्रामदेवतेपुढे त्यांनी नारळ ठेवला आणि गुरवाला न बोलावता स्वतःच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, गाडी मी पाण्यात घातली. पोराने सांगितलं ते बरोबर होतं. याच्यावर काही ठेवू नको, याला मोकळा कर." ड्रायव्हर ओक्साबोक्शी रडला. माझी सही त्याला नोकरी देऊ शकत होती, पण त्याला मोकळं करणं माझ्या हातात नव्हतं. ते काम बागायतदारांनी केलं. सही मी त्याच संध्याकाळी केली.

त्यानंतर कोणी समोर गप्प बसलं की "काय लपवतोस?" असं विचारणं मी सोडून दिलं. आधी चहा मागवायचो आणि समोरचा कोणाला सांभाळतोय ते शोधायचो.

निवृत्तीनंतर एकदा दापोलीहून लाल गाडीत बसलो. चालकाने आरशातून पाहिलं आणि मुक्कामाला उतरून पाया पडला. तोच. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी भाऊ गाऱ्हाणं घालत होते तेव्हा तुमी टोपी काढून उभे राहिलात. घरात अजून सांगतो मी."

ती टोपी मी कधीच विसरून गेलो होतो. मला आठवत होतं ते फक्त माझं ओरडणं.