गोठलेलं खोबरेल

नात तिसरीत आहे. हवामान कसं बदललं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, असं तिच्या बाईंनी सांगितलंय. तिची वेणी घालता घालता मी म्हटलं, "आमच्या लहानपणी थंडीत खोबरेल गोठायचं."

"काहीही हं आजी! तेल कधी गोठतं का?"

दिवाळी सरली की बाटलीतलं तेल पांढरंफटक व्हायचं. आई बाटली चुलीजवळ ठेवायची आणि आम्ही बहिणी केस सोडून उन्हात भिंतीला टेकून बसायचो. तेल पातळ होईपर्यंत वेणी नाही, वेणीशिवाय शाळा नाही. गुरुजी ओरडायचे, पण सगळ्याच मुली उशिरा यायच्या. थंडीचं कौतुक कोणालाच नव्हतं. नाकं गळायची, टाचा फुटायच्या. तरी ती दरवर्षी यायची.

आता पौषातही बाटलीत तेल डुचमळतं. पोरीला खोटं वाटलं यात तिची काय चूक? पण वर्गात जाऊन तिनं 'आजी थापा मारते' म्हणावं, हे मला चालणार नव्हतं. मी बाटली फ्रीजमध्ये ठेवली.

सकाळी तिनं ती उलटी धरली. थेंबही पडला नाही.

"अय्या, खरंच की!"

"घेऊन जा शाळेत," मी म्हटलं. "आणि बाईंना सांग, तेव्हा आमच्याकडे फ्रीज नव्हता."