मातीचं पांघरूण

“पांघरूण घातलं का, बाई?”

सकाळी कुंपणापलीकडून हा प्रश्न आला की सुरुवातीला मी घरात वळून बघायची. माझी मुलगी लहान होती, पांघरूण लाथाडून झोपायची. पण काकींना मुलीचं काही विचारायचं नसायचं. त्या माझ्या गुलाबाच्या आळ्याविषयी बोलत असायच्या.

नव्वदच्या दशकात माझी निमगाव सावाच्या शाळेत बदली झाली, तेव्हा काकी माझ्या शेजारीण झाल्या. त्यांचं माहेर घाटाजवळच्या रानातल्या मढचं. तिकडे झाडाखाली माती दिसतच नाही, पाल्याचा थर असतो. इथली तापलेली, भेगाळलेली जमीन पाहून त्या लग्नानंतर रडल्या होत्या म्हणे. मग त्यांनी परसात पाला पसरायला सुरुवात केली. आंब्याची पानं, उसाचं पाचट, शेंगांची टरफलं, मिळेल ते. माहेराहून येताना लोक तांदूळ आणतात, काकी एसटीतून पाल्याचं पोतं आणायच्या.

“आजी, पाला कुणी आणतं व्हय माहेराहून?” कंडक्टरनं एकदा विचारलं.

“तांदूळ तुमी खाता, पाला माझी झाडं खात्यात,” काकी म्हणाल्या.

पावसाळा सरला की जुना थर त्या हातानं उकरून बघत. खाली काळी माती, गांडुळं. कुजलेलं तिथंच ठेवून वरून नवा पाला घालायचा, खोडापासून वीतभर लांब. “गळ्याशी पांघरूण आवळलं तर माणूस गुदमरंल का न्हाई?” असं त्या समजावत. भर उन्हाळ्यात गाव करपलेलं असताना त्यांचा पेरू, शेवगा, वांगी हिरवीगार असत.

या कामात त्यांना साथ होती सुनेची. सून पिंपरी पेंढारची, अबोल. सासूसुना पाला पसरताना जेवढ्या हसत, तेवढ्या दोघी बहिणीही हसत नसतील. काकींचा एक नियम मात्र कडक होता. पाल्यात हात घालण्याआधी काठी आपटायची. काठी वांग्यांच्या वाफ्याशी उभीच असे.

एका दुपारी सून भाजीला वांगी तोडायला गेली. खाली पडलेलं वांगं उचलायला तिनं पाल्यात हात घातला आणि घोणस चावली.

नवऱ्यानं तिला जीपमधून नारायणगावला नेलं. जीव वाचला असं आम्हाला वाटलं. मग किडन्या निकामी झाल्या, पुण्याला हलवलं. तिथून ती परत आली ती गाडीत आडवी, पांढऱ्या कापडात. तिचा मुलगा तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता.

“दारात एवढा कचरा साठवावाच कशाला,” दहाव्याला एक बाई म्हणाली. काकींनी ते ऐकलं आणि ‘खरंय’ म्हणावं तशी मान हलवली. काकींचा मुलगा त्यांना काहीच बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. मला वाटतं, तो एकदा ओरडला असता तर काकी तरल्या असत्या.

थोड्याच दिवसांनी, टळटळीत उन्हात, काकी अनवाणी बसून पाला उपसताना दिसल्या. काठी न घेता, कोपरापर्यंत हात घालून.

मी धावत गेले. “काकी, हात काढा.”

“चावू द्या की, बाई.”

मी त्यांचे हात धरून ठेवले. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “काठी जाग्यावर नव्हती. वालाचा येल वाकला व्हता, त्याला टेकू द्याया मीच नेली सकाळी. तिनं शोधली आसंल वो काठी.”

मी म्हणाले, आजूबाजूला ऊस आहे, साप कुठूनही येतो. सगळं खरं होतं, आणि काहीच उपयोगाचं नव्हतं.

सगळा पाला त्यांनी जाळला. परसाला पाणी घालणंही सोडलं. झाडं एकेक करून वाळली. मुलानं चाकणला नोकरी धरली, तो क्वचित यायचा. नातवाला त्याच्या मामाकडे ठेवलं. काकी रोज अंगण झाडत राहिल्या. एक पान पडलं तरी उठत.

आता काकी नाहीत. माझी तिथून दुसरीकडे बदली झाल्यावर दोनेक वर्षांत त्या गेल्याचं कळलं. घराला कुलूप आहे. तुमच्या शेजारीही असं एखादं माणूस असेल, ज्याचं दुःख तुम्हाला दिसतं आणि हात पोचत नाही. मला काकी आठवतात त्या एका दिवाळीतल्या.

मामा नातवाला भेटवायला घेऊन आला होता. काकींनी पोराला गावात येऊच दिलं नाही, स्वतः फाट्यावर गेल्या. मी शाळेच्या कामाला जुन्नरला निघाले होते, तिथंच थांबले होते.

“मावशी, घरी तरी चला पोराला घेऊन,” मामा म्हणाला.

“नगं. हितंच बरंय.”

“आजी, पेरू आलेत का?” पोरानं विचारलं.

“न्हाई रं.”

बूट काढून, मांडी घालून त्यानं थांब्याच्या ओट्यावर लाडू खाल्ला. काकी त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. एसटी दिसली तसा तो बुटांकडे झेपावला. काकींनी ते आधीच उचलले होते. दोन्ही उलटे करून त्यांनी ओट्यावर आपटले, टोकापर्यंत बोटं घालून चाचपले. गाडी थांबली, मामा हाका मारू लागला. काकींनी पुन्हा एकदा आत हात घालून पाहिलं. मग खाली बसून एकेक बूट त्याच्या पायात घातला.