अक्काची अर्धी सही

हिंगोलीत कुणाचा निरोप समारंभ असला, कुणाला पुरस्कार मिळाला किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस जवळ आला, की मानपत्र कुणी लिहायचं हा प्रश्न पडत नाही. ते शेषराव खिल्लारेंनीच लिहायचं. कचेरीत वरिष्ठ लिपिक म्हणून शेषराव दिवसभर संगणक बडवतात, पण घरी येऊन हातपाय धुवून टेबलाशी बसले की माणूस वेगळाच. समोर जाड कागद, शाईच्या चार दौती आणि सागवानी पेटीत ओळीनं निजलेले सात पेन. स्टेशनरीच्या दुकानात डझनावारी मिळतात तसले नव्हेत. जपानी, इटालियन, आणि सगळ्यांत मानाचा तो काळा जर्मन, सोन्याच्या निबेचा. त्याची किंमत त्यांनी बायकोलाही खरी सांगितली नव्हती, आणि सुमनबाई एवढ्या शहाण्या की त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

या पेनांची सगळी गंमत निबेत. साध्या पेनाची निब ताठ असते, ही वाकते. दाब दिला की टोकाच्या दोन पाकळ्या उघडतात आणि रेघ जाड उमटते. हात हलका केला की पाकळ्या मिटतात, रेघ केसासारखी बारीक होते. ही निब घडवली गोऱ्या लोकांनी त्यांच्या तिरक्या इंग्रजी वळणासाठी. शेषरावांनी तिला मराठी शिकवलं, असं ते स्वतःच सांगत. खाली उतरणाऱ्या कान्याला दाब द्यायचा, वर चढणाऱ्या वेलांटीला हात मोकळा सोडायचा. हे जमायला त्यांना दहा वर्षं लागली. आणि वर चढताना चुकून निब रेटली, तर पाकळ्या फाकतात त्या कायमच्याच. म्हणून पेटीला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती.

त्या पेटीला आतून अस्तर होतं ते अक्काच्या जुन्या लुगड्याचं. नवं कापड पेनाला चरे पाडतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडंच हवं, म्हणून शेषरावांनी ते मुद्दाम मागून आणलं होतं.

अक्का म्हणजे चतुराबाई, त्यांची थोरली बहीण. ती सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या गावात एकटीच राहते, चार शेळ्या आणि दीड एकर रान सांभाळते. शेषू जन्मला तेव्हा अक्का पहिलीत होती. आईबाप मजुरीला जायचे, पोराला बघायला घरी कुणी नाही, म्हणून अक्काची शाळा सुटली ती सुटलीच. कडेवर शेषू आणि पुढं लोकांच्या शेळ्या, असं तिचं लहानपण गेलं. शेषू पाचवीत गेला तेव्हा कापूस वेचून तिनं औंढ्याच्या बाजारातून त्याला शाईचा पेन आणला. तो गळका निघाला. शेषूची बोटं निळी, सदरा निळा, आणि मास्तरांनी हातावर मारलेली छडी वेगळीच.

ही गोष्ट आता जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांना पाठ आहे. सुंदर अक्षर या विषयावर शेषरावांना व्याख्यानाला बोलावतात आणि ते शेवटाला हमखास गळक्या पेनावर येतात. "माझ्या अक्षराला वळण लावलं ते जिला स्वतःला एक अक्षर ओळखता येत नव्हतं, त्या माझ्या अक्कानं," असं म्हणून ते क्षणभर थांबतात. मास्तरणी डोळ्यांना पदर लावतात. टाळ्या पडतात. शेषरावांनाही गहिवरून येतं, आणि ते खोटं नसतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

गेल्या वर्षी गावातल्या समाजमंदिरात प्रौढांचा वर्ग सुरू झाला. प्रतीक्षा नावाची कॉलेजातली मुलगी शिकवायची. अक्का साठी ओलांडलेली, तरी जाऊन बसली. कारण होतं शेषरावांची मुलगी आकांक्षा. तिचं लग्न ठरलं तेव्हाच तिनं आत्याला बजावलं होतं, "माझ्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून तूच पाहिजेस आत्या, आणि अंगठा न्हाई चालायचा, सही पाहिजे." अक्कानं ते फार मनावर घेतलं. पाटी-पेन्सिल वर्गात, आणि घरी भाकरी थापायच्या आधी परातीतल्या पिठात बोटानं. च, तु, रा. पीठ सारखं करायचं, पुन्हा च. साल संपता संपता तिला नाव लिहिता येऊ लागलं, आणि दुकानांच्या पाट्याही सावकाश, एकेक अक्षर लावून वाचता येऊ लागल्या.

लग्नाला आठ-दहा दिवस राहिले तशी अक्का हिंगोलीला आली. शेषरावांनी तिची वहीतली सही बघितली आणि त्यांना असा काही उमाळा आला की ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, लग्नात तू माझ्या जर्मन पेनानं सही करायची!" अक्का हरखली, आणि घाबरलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव पत्रिका वाटायला गेले. अकरा-साडेअकराला परत आले तेव्हा बैठकीत व्याही मंडळी मानपानाचं बोलायला येऊन बसली होती. शेषराव त्यांना नमस्कार करून आतल्या खोलीत डोकावले. अक्का टेबलाशी बसलेली. पेटी उघडी. जर्मन पेन तिच्या मुठीत, खुरपं धरावं तसा, आणि ती जीभ दातांत धरून असा दाब देत होती की निबेच्या पाकळ्या सताड उघडलेल्या, आणि त्या दारातूनच दिसत होत्या.

"अक्का! ठेव ते! सोड म्हन्तो ना!" ते ओरडले आणि तिच्या हातातून पेन हिसकावून घेतला. "काय करून राहिलीस हे? शेळ्या हाकायची काठी हाय का ती?"

बैठकीतलं बोलणं बंद पडलं. कुणीतरी उगाच खाकरलं.

अक्का उठून उभी राहिली. बोटाला शाई लागली होती ती तिनं पदराला पुसली, तसा पांढऱ्या पदरावर निळा डाग पडला. "चुकलं रे बाबा," ती म्हणाली. "त्या दिशी खराब व्हायला नको, म्हणून जरा हात बसवून राहिले होते." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि सुमनबाईंच्या हातातलं सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली.

आता शेषरावांनी काय करावं? कोणत्याही शहाण्या माणसानं तिच्या मागं जावं. ते गेले नाहीत. त्यांनी आधी खिडकीशी जाऊन भिंगातून निब तपासली. पाकळ्या जुळलेल्या होत्या, काडीचाही फरक नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांची नजर कागदाकडे गेली.

कागदावर ‘चतुराबा’ एवढं लिहिलेलं होतं. शेवटचं ई व्हायच्या आधीच त्यांनी पेन ओढला होता, त्याचा शाईचा फराटा खालपर्यंत गेला होता. पण तो च! त्याचा काना वरून खाली भरत आलेला, जाड, तकतकीत. तु चा उकार जाता जाता बारीक होत गेलेला. दहा वर्षं कागदांचे गठ्ठे वाया घालवून शेषरावांना जे साधलं होतं, ते अक्काच्या हाताला असंच येत होतं. पिठात बोट वरून खाली ओढायची तिला सवय. बोट उचलायचं, पुन्हा वरून आपल्याकडे ओढायचं. वर रेटणं तिला ठाऊकच नव्हतं, मग निब कशाला बिघडेल? दाब खाण्यासाठीच केलेली वस्तू आणि दाब देणारा हात, दोन्ही एकमेकांना बरोबर सापडले होते, आणि नेमकं याच माणसाला ते दिसलं नव्हतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण मन एकदा उकरायला लागलं की सगळंच वर येतं. महिन्यापूर्वी कचेरीतले मोठे साहेब सहकुटुंब घरी आले होते. त्यांच्या लेकीनं हाच पेन हट्टानं मागितला, दोन रेघोट्या ओढल्या आणि फरशीवर पाडला. निबेचं टोक वाकडं झालं. आणि शेषराव हसत म्हणाले होते, "असू द्या बेटा, वस्तूच आहे ती, काय एवढं!" नंतर पेन पुण्याला पाठवून निब सरळ करून आणली. ते ‘असू द्या बेटा’ आता त्यांच्या कानात वाजायला लागलं. साहेबाच्या पोरीला बेटा, आणि जिनं कडेवर वाढवलं तिला काठी. व्याख्यानात तिच्या नावावर टाळ्या घ्यायच्या, तिच्या लुगड्यात पेन निजवायचे आणि तिनं हात लावला की हिसकावायचं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माफी मागायची होती. पण शेषरावांसारख्या माणसाला मानपत्रात वीस विशेषणं सुचतात, घरात एक वाक्य सुचत नाही. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "अक्का, जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"व्हय, जेवले की," अक्का म्हणाली. साडेसहा वाजले होते, चूल अजून पेटायची होती. दोघांनाही ते कळलं आणि दोघांनीही सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "गुडघा दुखतो का?" तिसऱ्या दिवशी औंढ्याचा पेढा आणला. अक्का सगळ्याला बरं म्हणत होती. ती रुसली नव्हती, हसतही होती, पापड लाटत होती, आकांक्षाच्या हाताला हळद लावत होती. फक्त वही तिनं पिशवीतून पुन्हा काढली नाही. आकांक्षानं दोनदा विचारलं, "आत्या, लिहून बघत काहून न्हाईस?" तर म्हणाली, "येतंय की आता, किती लिवायचं." परातीत पीठ घेतलं की पाणी घालून लगेच मळायची.

शेषरावांनी मनाशी एक ठरवून टाकलं, आणि तिथंच त्यांची दुसरी चूक झाली. माफी अशी कोपऱ्यात कशाला मागायची? लग्नात, चार लोकांत, आपण स्वतः टोपण काढून पेन तिच्या हातात देऊ. मांडव बघत राहील. तेवढ्यानं सगळं भरून निघेल. म्हणजे पश्चात्तापालाही त्यांना प्रेक्षक हवे होते.

आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. वंदना झाली, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, फुलं पडली. मग बौद्धाचार्यांनी टेबलावर विवाह नोंदणीचा कागद पसरला. तो भरण्याचा मान अर्थातच शेषरावांना. नावं, गावं, तारीख, सगळं त्यांनी जर्मन पेनानं लिहिलं. आकांक्षानं सही केली, जावयानं केली, मुलाकडच्या साक्षीदारांनी केली. मुलीकडच्या साक्षीदाराची जागा उरली.

शेषराव उठून उभे राहिले. त्याच पांढऱ्या, धुऊन नेसलेल्या लुगड्यातली अक्का जवळ आली. त्यांनी पेन दोन्ही हातांवर ठेवून तिच्यापुढं धरला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का, घे."

अक्कानं पेनाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पदराखाली गेले. ती बौद्धाचार्यांकडे वळली. "बाबा, शाईची डबी असंल का? अंगठा लावते."

"अक्का, अगं, तुला येतंय लिहायला!"

"न्हाई रे शेषू. मला कुठं येतंय." मग अगदी हळू, त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं ती म्हणाली, "एवढ्या लोकात तुझा पेन बिघडला, तर तू काय करशील?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर शेषरावांना कुठंतरी धरायला जागा मिळाली असती. आकांक्षानं झटकन आपला साधा बॉलपेन पुढं केला. "आत्या, यानं कर. माझ्यासाठी कर." अक्कानं तिच्या गालावरून हात फिरवला. "आज हात कापून राहिला लेकरा. अंगठा लावला तरीबी तू माझीच हाय."

बौद्धाचार्यांकडे डबी होती, म्हाताऱ्यांसाठी ते ठेवतातच. अक्कानं अंगठा टेकवला, उचलला आणि पदराला पुसला, त्याच जुन्या निळ्या डागाच्या शेजारी.

अंगठ्याला साक्ष लागते. तो कुणाचा, हे शेजारी लिहावं लागतं, आणि लिहिणाऱ्यानं खाली सही करायची असते. बौद्धाचार्यांनी कागद शेषरावांकडे सरकवला. "तुमीच लिहा, तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार."

शेषराव बसले. ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा, चतुराबाई.’ काना भरून उतरत होता, वेलांटी बारीक होऊन मिटत होती. त्यांचा हात इतका सवयीचा की अशा वेळीही अक्षर बिघडलं नाही, आणि त्याचीच त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली. पाहुणे वाकून बघायला लागले. "वा! अक्षर बघा!" कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी मोबाइलवर फोटो काढले.

अक्काही वाकली. तिनं ओळीखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर लावत ती वाचायला लागली. "नि... शा... णी... डा... व्या..." कार्यालयात जेवणाच्या पंगती बसत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. शेषराव मात्र खुर्चीवरून हलू शकले नाहीत. ‘हाताचा’ला ती थोडी अडखळली, पुढं ‘अंगठा’ तिनं सलग वाचलं, आणि स्वतःच्या नावावरून बोट शेवटच्या ई पर्यंत नेलं.

"बराबर लिवलंस," ती म्हणाली, आणि जेवायला बसलेल्या बायकांत जाऊन बसली.