चांगलं म्हटलेलं न खपणारे शमुवेलदादा

शमुवेलदादांना कोणी देवमाणूस म्हटलं की ते चिडत. भिवपुरीच्या वीजघरात आम्ही एकाच पाळीला, राहायलाही एकाच चाळीत. ते फिटर, मी मदतनीस. मूळचे नगरकडचे, धर्मानं ख्रिस्ती. चाळीत कोणाचं पोर तापानं फणफणलं की पाठीवर घेऊन कर्जतच्या दवाखान्यात निघणारे हेच. पण त्याची आई हात जोडायला आली की म्हणायचे, "माझं कौतिक नको बाई. मी लई कुचका माणूस हाय. चांगला तो येशू एकटा. त्याचं चांगलपण पांघरून बसलोय मी."

मी शाळा थोडकीच शिकलो, पण कोणाचं फुकट घेतलं नाही. देवाचंही नाही. उपास केले, नवस अनवाणी चालून फेडले. मी त्यांना तोंडावर म्हणायचो, "दादा, पापातनं तारण दुसऱ्यानं कमवायचं नि तुमी आयतं घ्यायचं, ह्ये मर्दाचं लक्षण नाय."

"बरं, तू चालत जा," ते पाना फिरवत म्हणायचे. "कुठवर पोचलास त्ये कळव."

माझी बायको बाळंतपणात अडली, तेव्हा दादांनीच टेंपो आणला नि दवाखान्याच्या दारात बसून राहिले. ती घरी आल्यावर मी त्यांच्या ओट्यावर कोंबडी नेऊन सोडली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दाराला बांधलेली. मी परत नेली, त्यांनी परत आणली.

"फुकट घ्यायला मरण येतं व्हय रं तुला?"

"येतं!"

शेवटी कोंबडी दोन्ही घरांच्या मध्येच राहिली. तिची अंडी ना त्यांनी खाल्ली ना आम्ही. चाळीतली पोरं मात्र माजली.

नोकरी संपल्यावर दादा मुलाकडे दहिवलीला राहिले. छातीचं दुखणं बळावलं तेव्हा मी भेटायला गेलो. मुलगा चर्चच्या पाळकांना आणायला गेला होता, सून चुलीपाशी. मला वाटलं होतं, हा माणूस हसत जाईल. पण दादा घाबरले होते.

"धोंडू, त्याच्यापुढं काय घेऊन जाऊ रं?"

"तुमाला कसली भीती? किती पोरं जगवली तुमी."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "त्ये नको. त्या गठुड्यानं बुडंन मी. येशूनं काय केलं त्ये सांग."

मशीनपाशी दादांच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. सगळं तोंडपाठ. मी म्हणालो, "तो क्रुसावर मेला तुमच्यासाठी. तुमचं पाप त्यानं घेतलं, त्याचं नीतिमानपण तुमाला दिलं. तुमी आता कायपण करायचं नाय."

त्यांचा श्वास जरा खाली बसला. मग माझा हात धरून म्हणाले, "तुमच्यासाठी नको म्हणू. आपल्यासाठी म्हण. एकडाव."

न पटलेलं मी आयुष्यात बोललो नाही. मरणाऱ्या माणसापुढं खोटं बोलणं तर मला पापच वाटलं. मी तो शब्द म्हटला नाही. पाळक आले, प्रार्थना झाली, नि दुपार कलायच्या आत दादा गेले.

खोटं बोललो नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगेन. पण पाळक प्रार्थना करत होते तेव्हाही दादा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.