ताटलीत उरलेला लाडू

हिंदी मुलखातल्या आमच्या पाटणकर बाजारात माझ्या शेजारीण बाई आहारतज्ज्ञ आहेत. लोक त्यांना कंजूष म्हणतात, कारण लाडू खायला देऊन त्या ताटलीत उरलेला तुकडा तराजूवर मोजतात. हे निव्वळ अज्ञान आहे. अशक्त माणसांसाठी नाचणी, जवस आणि शेवग्याचा पाला घालून त्या लाडू करतात, पण चव कोणालाही विचारत नाहीत.

"काका, आपले लोक तोंडावर 'बढिया' म्हणतात आणि अर्धा सोडतात," असे त्या म्हणतात.

आजारातून उठलेली माझी पत्नी महिनाभर धड जेवत नव्हती. तिने पहिलाच लाडू संपवला, असे गल्लीत सांगतात. साफ खोटे! मी समोर होतो. बाईंनी सहा वेळा कृती बदलली. सहाही वेळा तिने तोंडभर कौतुक केले आणि अर्धा लाडू ठेवला.

सातव्या वेळी भाजलेल्या तिळांच्या खमंगपणात पाल्याचा उग्र वास पार विरला होता. बाईंनी ताटली उचलली, तर तीत कणही नव्हता. त्या टाळ्या पिटत हसल्या.

"काकू, अब मी काय मोजू?"

"मोजतेस कसली? आणखी एक आण!"