नाव नाही टाकणार, जा!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. जिथं लोक आपल्याला 'उठा' म्हणतात, तिथं बसून राहिलं की आपोआप जमतात!

देवासला आमच्या गल्लीत एका सरांनी घरातच कम्प्यूटर क्लास काढला. इंटरनेट तेव्हा नवं नवं. मीही गेले.

"आजी, किती शिकलात?"

"चौथी. तुम्ही काय चौथी न करताच पुढे गेलात?"

सर म्हणाले, "पोरं ॲडमिशनचा फॉर्म बनवतायत. त्यानं तुम्हाला आत घेतलं तर सीट पक्की. तोवर स्टुलावर बसा."

बसले!

•••

फॉर्मात 'पॅटर्न' लिहितात. म्हणजे चाळणीच. भलतंसलतं आलं की बाहेर! कन्नौदच्या माधुरीनं फोनसाठी लिहिला: सहा आकडे हवेत. मी टाकलं, 'bhaji talli 222222 lavkar ya'. गेलं की आत!

सर ओरडले, "माधुरी, आकडे इथंच सुरू, इथंच संपले हे सांगणाऱ्या खुणा कुठंयत? सुरुवातीची टोपी कुठंय? शेवटचा डॉलर कुठंय? मधे कुठंही सहा आकडे सापडले की झालं का?"

मी म्हटलं, "दोरी आणली पोरीनं, खुंट्या ठोकायच्या राहिल्या!"

•••

ईमेलचा पॅटर्न खुद्द सरांचा. मी टिंबाच्या जागी एक्स टाकला. पास!

"सर, हे पत्र कुठं पोचेल हो?"

सर लाल. "इथं नुसतं टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. खरं टिंब हवं तर आधी तिरकी रेघ लागते. राहिली."

"आमच्या चौथीत टिंब म्हणजे टिंबच होतं!"

मागून कुणीतरी इकडच्या हिंदीत बोललं, "भिया, आजी ने तो सर को ही फेल कर दिया!"

•••

घरी सून म्हणते, "आई, या वयात?"

"मग काय पुढच्या जन्मी? तेव्हा मशीन बदललेली असेल!"

•••

शेवटी माझा फॉर्म. नाव पास, वय पास. पुढे 'पतीचे नाव'. मी हात मांडीवर घेतले.

"सर, उखाणा सोडून यांचं नाव मी कधी घेतलं नाही."

"घ्यायचं कुठंय, आजी? टाईप करायचं!"

"तेच ते!"

रिकामं सोडून बटण दाबलं. लाल अक्षरं.

सर म्हणाले, "इथं पॅटर्नात प्लस लावलाय. निदान एक अक्षर हवंच. स्टार असता तर रिकामंही चाललं असतं. पण नियम म्हणजे नियम. नाव नाही, तर सीट नाही!"

तेवढ्यात सरांची बायको चहा घेऊन आली.

मी विचारलं, "सूनबाई, सरांचं नाव काय गं?"

"इश्श!" ट्रे टेबलावर ठेवून ती आत पळाली.

सगळा क्लास सरांकडे बघायला लागला. सरांनी खुर्ची पुढे ओढली, प्लस खोडला अन् स्टार लावला.