भिंतीबाहेरची धार

त्या वसंतात वेरेशकूत गावात एक बातमी फिरत होती, आणि ती फिरवण्यात आमच्या गल्लीचा वाटा मोठा होता. रेगिना नेनी (म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे नेनी म्हणतात) म्हणे चोरून परक्या कंपनीचं पाणी पिते. तिच्या ओसरीवर निळ्या बुचाची बाटली पाहिल्याचं वेरोननं शपथेवर सांगितलं. वेरोन दिवसातून चार वेळा शपथ घेते, त्यामुळे एरवी तिच्या शपथेला कुत्रं विचारत नाही. पण या वेळी लोकांना विश्वास ठेवायची घाई झाली होती, कारण गोष्टच तशी चविष्ट होती. सासरा घोडागाडीवर मडकी लादून वेरेशकूतचं बुडबुड्यांचं आंबट पाणी खाली मैदानी मुलखात विकायचा, नवरा झऱ्याची राखण करता करता म्हातारा झाला, आणि हिनं स्वतः अर्धं आयुष्य कंपनीच्या दिव्यासमोर बसून बाटल्या तपासल्या. अशी बाई शेजारच्या खोऱ्यातलं पाणी पिते म्हणजे बिशपनं उपासाच्या शुक्रवारी डुकराची तंगडी चघळण्यासारखंच.

बातमी खोटी निघाली. निळ्या बुचाच्या बाटलीत काकड्या मुरवायचं व्हिनेगर होतं. खरी गोष्ट मात्र त्याहून वाईट होती. नेनी गोडं पाणी पीत होती. साधं, विहिरीचं, एक बुडबुडा नसलेलं, आमच्याकडे गुरांना पाजतात ते. आणि आणत होती कुठून, तर रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंट, पाद्रीबाबांच्या परसातून. स्वतः सात पिढ्यांची कॅथलिक असून, कॅनवर टॉवेल टाकून.

करणी डॉक्टरची होती. नवा पोरगेला डॉक्टर, वर्षापूर्वी शहरातून आलेला. त्यानं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला.

"नेनी, दिवसाला किती पाणी पिता?"

"तहान लागेल तेवढं."

"तहान किती लागते?"

"पाणी चांगलं असलं की लागतेच."

"हे तुमचं आंबट पाणी म्हणजे पातळ केलेलं मीठ आहे. तुमचं ब्लडप्रेशर बघता आता एक थेंबही नको."

"मग पिऊ काय?"

"साधं पाणी."

"त्यात काय असतं?"

"काहीच नसतं. म्हणूनच प्या."

नेनी घरी आली आणि हे कोणाला बोलली नाही. बोलणार कशी? आमच्याकडे बाळ जन्मलं की आंबट पाण्याचं बोट त्याच्या जिभेला लावतात. घावनाचं पीठ त्यातच कालवतात, वाइन त्यातच पातळ करतात, आणि मरणाऱ्याच्या ओठाला शेवटचा थेंब लावतात तोही त्याचाच. चर्च सोडलं तर माणूस दुसऱ्या चर्चमध्ये तरी जातो. पाणी सोडलेल्यानं जायचं कुठं?

तर मुळात कंपनी. सासऱ्याच्या बापाच्या काळात एका आर्मेनियन व्यापाऱ्यानं झऱ्यापाशी लाकडी शेड ठोकली, बाटलीच्या चिठ्ठीवर हरणाचं चित्र छापलं आणि आमचंच पाणी आमच्याच गावाच्या नावानं विकायला काढलं. गाडीवाले आधी हसले. मग तेच गाडीवाले त्याच्या बाटल्या पेंढ्यात गुंडाळून वाहू लागले. जाताना पाणी, येताना मका, आलुबुखार आणि मैदानी मुलखातल्या बायकांच्या भानगडी. पुढं सरकारनं कंपनी घेतली, हरीण काढून कारखान्याची चिमणी छापली. चिमणी नव्हतीच आमच्याकडे, पण चित्रात शोभली. लोक बोलले, पण हळू.

रेगिना या सरकारी कंपनीत लागली ती दिव्यावर. मागून पांढरा उजेड, पुढून हिरव्या बाटल्यांची रांग सरकते, आणि स्टुलावर बसलेल्या बाईनं त्यात पेंढ्याची काडी, काचेचा टवका, गंजाचा कण दिसला की बाटली उचलून बाजूला ठेवायची. थोड्या वेळानं डोळ्यांपुढं नुसत्या बाटल्या पोहू लागत, म्हणून बायका आळीपाळीनं बसत. तिला ती खोड घरी पण लागली. जेवताना प्याला बल्बसमोर धरायची.

"बाई, ही वाइन कंपनीची नाही," अम्ब्रुश म्हणायचा. "तपासू नकोस, पी."

अम्ब्रुश, तिचा नवरा, झऱ्याचा राखणदार. स्वभावानं इतका गरीब की कोंबड्यांनाही वाट सोडून चालायचा. त्याच्या हातून ते व्हावं हाच दैवाचा चावटपणा.

पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या शनिवारी गाव झरा साफ करतं. झरा म्हणजे जमिनीत उभा रोवलेला, आतून पोखरलेला ओकचा जुना बुंधा, त्याच्या पोटातून पाणी फसफसत वर येतं. आधी दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडतात. विझली तर खाली वायू साचलाय, उतरायचं नाही. तेवत राहिली तर एकजण उतरतो, पाणी उपसतो आणि तळाचा लोहाचा लाल गाळ खरवडतो. बायका वर बादल्या ओतत राहतात, पोरी कठड्याला फुलं बांधतात, पुरुष पालिंका दारूच्या बाटलीशी बसून सल्ले देतात. नियम एकच. बुंध्याच्या बुडाशी निळी माती आहे, तिला हात लावायचा नाही. तीच माती गोड्या पाण्याला बाहेर थोपवते.

त्या वर्षी राजधानीतून मोठे पाहुणे येणार होते. मॅनेजरनं फर्मान सोडलं की झरा ताटासारखा लख्ख दिसला पाहिजे. आता वेरेशकूतच्या माणसाला लख्ख करायला सांगणं म्हणजे बकरीला कोबीच्या वाफ्याची राखण सांगणं. लाल डाग दिसला की आमचे हात शिवशिवतात. नळाचं तोंड लाल, बादली लाल, धुतलेलं कापड लाल, जन्मभर आम्ही हा लाल रंग घासत आलोय. अम्ब्रुश आत होता, वरून अख्खं गाव ओरडत होतं, "अजून डावीकडे राहिलंय, अजून तिथं राहिलंय." त्यानं घासलं. फावड्याला निळं लागलं तेव्हा तो थांबला. वरून कोणीतरी म्हणालं, "ते पण काढ, चिखलच आहे." त्यानं काढलं. कोण म्हणालं हे आजही कोणाला आठवत नाही, आणि जरा जास्तच ठामपणे आठवत नाही.

पाहुण्यांनी लख्ख झरा बघितला, टाळ्या वाजवल्या, जेवून गेले. मक्याची कापणी होईपर्यंत पाण्याचा डंख गेला. नाकात झिणझिण्या येईनात. गोडं पाणी आत शिरलं होतं.

कंपनीनं मग डोंगरात खोल बोअर मारली, तिला चांगलं पाणी लागलं, आणि सगळ्याभोवती भिंत घातली. जुना झरा बुजवला. गावाच्या हाती राहिला अम्ब्रुश. ज्या लोकांनी वरून ओरडून त्याला खाली खाली नेलं, तेच आता त्याला बघून बाजूला थुंकत. "पाणी मोडणारा" हे नाव त्याला पडलं, आणि आमच्याकडे पडलेलं नाव उचलायला कोणी वाकत नाही.

तो मॅनेजरकडे गेला. काय बोलला ते कोणी ऐकलं नाही. रोज जायचा, टोपी हातात धरून दारात उभा राहायचा, एवढं सगळ्यांनी बघितलं. शेवटी मॅनेजर कंटाळला आणि म्हणाला, लाव बाबा एक नळी. अम्ब्रुशनं स्वतः भिंतीला भोक पाडलं, पाईप टाकला, आणि रस्त्याच्या बाजूला मनगटाएवढी धार पडू लागली. रात्रंदिवस, फुकट, सगळ्यांना. हळूहळू लोक तिला अम्ब्रुशची धार म्हणू लागले. मोडलं त्यानं, दिलंही त्यानंच. तो गेल्यावर पण नाव राहिलं, आणि ते नाव कानावर पडलं की रेगिना नेनी बाजारात जरा ताठ चालायची.

पुढं सरकारनं कंपनी विकून टाकली, आणि त्याच बातमीच्या वसंतात नव्या मालकांची त्युंदे नावाची बाई नेनीच्या ओसरीवर आली. पांढरे बूट, गोड बोलणं, हातात केकचा डबा.

"नेनी, कंपनीला शंभर वर्षं होतायत. आम्ही एक फिल्म करतोय. त्यात तुम्ही हव्यात. वयाच्या मानानं किती छान दिसता."

"संध्याकाळी बघितलंस म्हणून."

"तुम्ही फक्त ग्लास घ्यायचा, प्यायचं, आणि म्हणायचं, मी आयुष्यभर हेच पाणी प्यायले."

नेनीनं केक कापला. त्युंदे खाता खाता सहज बोलून गेली की शंभरीच्या निमित्तानं भिंत नवी होणार, आणि बाहेरची नळी बंद होणार. तिचं पाणी तपासलेलं नसतं, उद्या कोणी आजारी पडलं तर नाव कंपनीचं जाणार.

नेनीनं सुरी खाली ठेवली. तिला दिसलं ते स्वच्छ दिसलं. धार गेली की अम्ब्रुशनं दिलेलं गेलं. मागे राहणार फक्त मोडलेलं.

"नळी राहू दे," ती म्हणाली. "मग मी पिते. म्हणशील तेवढं पिते, म्हणशील ते बोलते."

त्युंदेनं फोन केला, अंगणात फेऱ्या मारल्या, आणि परत येऊन म्हणाली, "शब्द दिला."

नेनीला झोप लागेना. मीठ आपल्या एकटीच्या रक्तात आहे की काय? तिकडं शहरात तिच्यासारखीच कोणी बाई टीव्हीवर तिला बघून बाटल्यांची पेटी घेऊन जाईल, आणि तिच्या डॉक्टरनंही तिला हेच सांगितलेलं असलं तर? पण अम्ब्रुशही तिला रोज आठवत होता, टोपी हातात धरून दारात उभा. दोघं एकदम मनात मावत नव्हती.

त्यातच वेरोननं तिला पाद्रीबाबांच्या कुंपणाशी गाठलं. टॉवेल उचलला, कॅनमध्ये बोट बुडवलं, चाखलं.

"रेगिना, हे गोडं आहे ग."

"आहे."

"पाद्रीबाबांची गाय पण हेच पिते. चव कशी लागते, तिला विचारलंस का?"

"ती तुझ्यासारखी बोलत नाही ग. म्हणून तर तिचं माझं जमतं."

मग नेनीनं तिला खरं सांगितलं, डॉक्टरचं, आणि त्युंदेच्या शब्दाचंही. वेरोन कुंपणाला टेकली. तिच्या घशाशी आलेली बातमी परत पोटात जाताना दिसत होती.

"आणि तू जगाला सांगणार, प्या म्हणून?"

"मी आयुष्यभर प्यायले. एवढंच बोलणार. ते खरं आहे."

"आणि वर्षभर सोडलंय, ते?"

"ते कोणी विचारलं नाहीये."

"सापडलीस तर गाव तुला दोन नावं ठेवील. पाणी मोडणाऱ्याची बायको, आणि वर खोटारडी."

"तू गप्प राहिलीस तर सापडणार नाही. फिल्म होईपर्यंत."

वेरोन रविवारपर्यंत गप्प राहिली. तिला ओळखणाऱ्यांना यातला पराक्रम कळेल. रविवारच्या प्रार्थनेनंतर मात्र चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं, आणि फिल्मवाले सोमवारी येणार होते.

सोमवारी भिंतीपाशी अर्धं गाव जमलं. नेनीनं काळा स्कर्ट आणि भरतकामाची चोळी घातली होती. फिल्मवाल्यानं ग्लास भरला. ती प्याली, बोलली. ऊन सरकलं म्हणून परत. कुत्रं भुंकलं म्हणून परत. ग्लासातले बुडबुडे नीट दिसले नाहीत म्हणून परत. दर वेळी ती तळापर्यंत प्यायची.

"नुसतं ओठाला लावलं तरी चालेल, नेनी," त्युंदे म्हणाली.

"आमच्यात ओठाला मरणाऱ्याच्या लावतात."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मग हसणं थांबलं, कारण डॉक्टरनं तिला काय सांगितलंय ते सगळ्यांना माहीत होतं. वर बसून "अजून, अजून" म्हणणारं हेच ते गाव, पण या वेळी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. वेरोन तेवढी पुढं झाली आणि फिल्मवाल्याला म्हणाली, "दादा, पुरे आता, कुत्र्याला मी धरते." नेनीनं हातानं तिला मागं सारलं आणि पुढचा ग्लास घेतला.

घरी जाताना ती कुंपणाला धरून खाली बसली. तोंड एका बाजूला ओढलं होतं. शहरातून ॲम्ब्युलन्स आली.

त्युंदेला सगळं हॉस्पिटलात कळलं. डॉक्टरनंच सांगितलं, आणि सांगताना आवाज काही खाली ठेवला नाही. कंपनी घाबरली. फिल्ममध्ये मग नेनीचा चेहरा आला नाही, नुसता हात आला, ग्लास धरलेला. हात मात्र सुंदर दिसतो. आमच्या गल्लीत एकीलाही तसा नाही.

गवत कापणीच्या सुमारास नेनी काठी टेकत परत आली. जीभ थोडी जड, पण चालू होती. ती घरी न जाता आधी भिंतीपाशी गेली. नवी भिंत गुळगुळीत, पांढरी. नळी जागेवर होती. वर पितळी पाटी होती, "कंपनीकडून गावाला सप्रेम भेट". अम्ब्रुशचं नाव नव्हतं. आणि नळीतून करंगळीएवढी सुद्धा नाही, दोऱ्याएवढी धार पडत होती. आतून कोणीतरी धार बारीक करायची चकती बसवली होती. लोक कॅन घेऊन रांगेत बसले होते, पुढचा भरेपर्यंत मागचे भांडत होते, आणि दोन पोरी कंटाळून दुकानाकडे बाटली विकत घ्यायला निघाल्या होत्या. वेरोननं नेनीसाठी आपली जागा सोडली. काही बोलली नाही, म्हणजे बघा.

त्युंदे फोटोवाला घेऊन तिथंच होती. नेनीला पाहून तिचा चेहरा आधी पडला, मग तिनं तो उचलला.

"नेनी, बरं वाटतंय ना? हे बघा, कंपनीनं शब्द दिला होता, कंपनीनं पाळला. वाहतंय."

नेनीनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्या दोऱ्याखाली बोट धरलं.

"वाहतंय खरं," ती म्हणाली. "माझ्या अम्ब्रुशलाही शेवटच्या महिन्यात लघवीला असंच व्हायचं. डॉक्टर काही त्याला ठणठणीत म्हणाला नाही."